जालन्याच्या सीडीवरून ठरलेला पुरावा

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे येणारे संगणक-गुन्हे बहुधा साधे असतात. कुणाचा ओटीपी काढून घेऊन खाते रिकामे केलेले असते, कुणाच्या नावाने बनावट प्रोफाइल उघडलेले असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली अशा गुन्ह्यांना कमाल शिक्षा तीन वर्षांची. तेवढी शिक्षा देण्याचा अधिकार या न्यायाधीशाला असतो, म्हणून खटला तालुक्यातच चालू शकतो. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. २००८ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९पासून अमलात आली आणि पूर्वी उपअधीक्षकाकडे असलेला तपास पोलीस निरीक्षकाकडे आला. भरपाईचा मार्ग मात्र वेगळा. पाच कोटींपर्यंतचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही, तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे जातो. २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी याच अधिकारात पुण्याच्या एका कंपनीला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला होता. गोदाकाठच्या फसवल्या गेलेल्या माणसाने भरपाईसाठी मंत्रालयाची वाट धरावी, ही व्यवस्था सोयीची म्हणता येणार नाही.

न्यायाधीशाची खरी कसोटी लागते ती पुराव्यावर. संगणकातली नोंद, सीडी, मोबाइलमधले संभाषण यांची प्रत काढायला आणि बदलायलाही क्षण पुरतो. म्हणून २००० सालीच १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ६५ बी घालण्यात आले. प्रत कोणत्या यंत्रातून आणि कशी निघाली, याचे जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र त्यात मागितले होते. अनेक वर्षे ते प्रमाणपत्र नसले तरी चालून जाई. १८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवले.

त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २७ सप्टेंबरला, जालन्यात विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत दुपारी तीन वाजता संपत होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या आत आणि बाहेर कॅमेरे सुरू होते. निवडणुकीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. खोतकरांचा अर्ज तीननंतर आला, असा दावा करत गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. परभणी जिल्ह्यातली अपिलेही याच खंडपीठाकडे जातात.

प्रकरण न्या. टी. व्ही. नलावडे यांच्यापुढे आले. सगळी भिस्त चित्रीकरणाच्या सीडीवर होती आणि सीडीला प्रमाणपत्र नव्हते. गोरंट्याल यांनी ते पुन्हा पुन्हा मागितले, अधिकाऱ्यांनी दिले नाही. निवडणूक घेणाऱ्या यंत्रणेनेच स्वतःच्या चित्रीकरणावर सही करायला टाळाटाळ करावी, यासारखी विसंगती क्वचितच दिसेल. न्या. नलावडे यांनी निर्णय अधिकाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरली. चित्रीकरण कार्यालयाच्या नेहमीच्या कामकाजात झाले हे शपथेवर आले आहे, तेव्हा कलमाचा हेतू पुरा झाला, असे त्यांचे म्हणणे. २४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांनी खोतकरांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली.

मग खरा पेच पुढे आला. दरम्यान, सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८च्या शफी मोहम्मद निकालाने प्रमाणपत्राची अट सैल केली होती. दोन निकाल परस्परविरोधी असताना खालच्या न्यायाधीशाने कोणता पाळायचा? प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि १४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमण्यन यांनी निकाल दिला. प्रमाणपत्र अनिवार्यच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे न्या. नलावडे यांचा मार्ग नाकारला गेला. निकाल मात्र टिकला. कारण, पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तर कायदा अशक्य गोष्टीचा आग्रह धरत नाही. आपल्या मार्गाला नकार मिळूनही निकाल कायम राहावा, हा योग न्यायाधीशाच्या वाट्याला विरळाच येतो. राजकारणात तोवर पुलाखालून पाणी वाहून गेले होते. २०१९ची निवडणूक गोरंट्याल यांनी जिंकलीही होती.

तालुक्याच्या न्यायाधीशाला या निकालाने कामाची हत्यारे दिली. प्रमाणपत्र अडवून धरणाऱ्या बँकेला, मोबाइल कंपनीला किंवा कार्यालयाला तो ते देण्याचा आदेश काढू शकतो. खटला संपण्याआधी ते उशिरानेही दाखल करून घेऊ शकतो. संगणकाचा प्रोग्राम लिहिता येणे या कामाला लागत नाही. ही नोंद कोणत्या यंत्रातली, ते कोणाच्या ताब्यात होते, प्रत कोणी काढली, एवढे प्रश्न चिकाटीने विचारावे लागतात. त्या अर्थाने संगणक-गुन्ह्यांचा जाणकार न्यायाधीश म्हणजे कागदपत्रांचा कसोशीचा वाचकच.

१ जुलै २०२४पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश मूल्य लिहावे लागते. फाइलवर ठरावीक गणिती प्रक्रिया केल्यावर येणारी ही अक्षर-अंकांची ओळ. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सगळी ओळ बदलते. जालन्याच्या सीडीवर असे मूल्य असते, तर प्रत आणि मूळ यांची तुलना थेट करता आली असती.

फसवणूक झालेल्यांनी १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी आणि मूळ मोबाइल विकू नये, रिसेट करू नये. मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते उपकरण आपले असल्याचे सिद्ध केले आणि मूळ नोंद त्यातच दाखवली, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही, हेही जालन्याच्या खटल्यातच स्पष्ट झाले आहे.