धर्मोपदेशक पेर ओस्बेक व त्याची पूर्वेकडील रोजनिशी

उद्यानविद्येच्या ग्रंथांत मोसंब्याचें शास्त्रीय नांव ‘सिट्रस सायनेन्सिस’ असें देऊन त्यापुढें ‘ओस्बेक’ हा शब्द छापलेला असतो. जालना, औरंगाबाद या भागांतील बागाइतदारांच्या दृष्टीस हा शब्द कधीं ना कधीं पडला असेल; परंतु तो एका स्वीडिश धर्मोपदेशकाचें उपनांव आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाहीं. त्याचें चरित्र व विशेषतः त्याची रोजनिशी इतिहासाभ्यासकांस उपयुक्त असल्यामुळें त्यांचा परिचय येथें करून देत आहों.

पेर ओस्बेक याचा जन्म इ. स. १७२३ मध्यें स्वीडनच्या पश्चिम भागांत झाला. उप्साला विश्वविद्यालयांत सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याच्या हाताखालीं तो वनस्पतिशास्त्र शिकला. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी इ. स. १७३१ मध्यें गोथेनबर्ग येथें स्थापन झाली होती. तिच्या जहाजांवर खलाशांच्या उपासनेसाठीं धर्मोपदेशक नेमीत. ही जागा म्हणजे निर्धन विद्यार्थ्यास पगारासह पूर्वेकडील देश पाहण्याची संधिच होती, व लिनिअसनें तिचा पुरेपूर लाभ घेतला.

मात्र या लाभाची किंमत दुसऱ्यांनीं दिली. या मार्गानें प्रथम गेलेला शिष्य क्रिस्तोफर टेर्नस्ट्रम हाहि धर्मोपदेशकच होता. चीनच्या वाटेवर, व्हिएतनामनजीकच्या पुलो कोंदोर बेटावर, इ. स. १७४६ मध्यें तो मरण पावला. त्याच्या मागें बायकामुलें उघडीं पडलीं व विधवेनें लिनिअसलाच दोष दिला. पुढें लिनिअस अविवाहित तरुणांसच दूरच्या प्रवासास पाठवूं लागला! शिष्याच्या नांवें एका वनस्पतिकुलास ‘टेर्नस्ट्रेमिया’ अशी संज्ञा देऊन त्यानें आपलें ऋण फेडलें, असें म्हणावयाचें असल्यास म्हणावें.

ओस्बेक इ. स. १७५० च्या अखेरीस ‘प्रिन्स कार्ल’ या जहाजानें निघाला. स्पेनमधील कादिझ बंदर व जावा यांवरून तो कँटन येथें पोंचला व इ. स. १७५२ च्या उन्हाळ्यांत स्वदेशीं परतला. कँटन येथें परकीय व्यापाऱ्यांस तटाच्या आंत प्रवेश नव्हता. वखारींचा परिसर, तटाबाहेरील वाटा व जहाजें नांगरून असत त्या व्हाम्पोआचा आसमंत एवढेंच त्याचें क्षेत्र. तेवढ्यांतच त्यानें वनस्पति, मासे, पक्षी यांचे नमुने जमविले व चहाचे प्रकार टिपून घेतले. चहाचें एक रोप कुंडींत लावून त्यानें तें जहाजावर बरेच दिवस जपलें होतें. निघतेवेळीं तोफांची सलामी झाली, तिच्या हादऱ्यानें कुंडी तक्तपोशीवर पडली, आणि कोणीं तरी तें रोप त्याच्या नकळत समुद्रांत फेंकून दिलें. चहाचीं जिवंत रोपें उप्सालास पोंचावयास इ. स. १७६३ उजाडलें, तें श्रेय कप्तान एकेबेर्ग याचें.

ही रोजनिशी स्वीडिश भाषेंत इ. स. १७५७ मध्यें, जर्मन भाषेंत इ. स. १७६५ मध्यें व फॉर्स्टरकृत इंग्रजी भाषांतररूपानें इ. स. १७७१ मध्यें प्रसिद्ध झाली. संशोधकानें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति लिनिअसनें इ. स. १७५३ च्या ग्रंथांत प्रथम सर्वत्र लागू केली. ओस्बेकच्या छापील रोजनिशींत इ. स. १७५१ च्या तारखांखालीं तशीं नांवें आढळतात. अर्थात् तीं मागाहून घातलेलीं होत. म्हणजे आपल्यापुढें असलेला मजकूर जहाजावरील मूळ टिपण नसून घरीं बसून संस्कारिलेला ग्रंथ आहे. हातीं घेऊन पाहिलेल्या वस्तूंविषयीं तो विश्वसनीय मानावा. तटापलीकडील चिनी आचारविचारांविषयींचीं विधानें ऐकीव समजून पारखून घ्यावीं. लिनिअसनें गोड संत्र्याच्या या जातीस आंबट संत्र्याचा केवळ पोटभेद मानिलें होतें. ती स्वतंत्र जाति म्हणून ओस्बेकच्या जर्मन आवृत्तींत आली, म्हणूनच मोसंब्यापुढें गुरूचें नांव कंसांत व शिष्याचें उघडें लिहितात.

महाराष्ट्राच्या अभ्यासकांस याच पुस्तकाचा आणखी एक भाग महत्त्वाचा वाटेल. ओलोफ तोरेन नांवाचा दुसरा जहाजी धर्मोपदेशक त्याच वर्षांत सुरतेस येऊन पुढें चीनला गेला होता. त्यानें लिनिअसला लिहिलेलीं पत्रें रोजनिशीस जोडलेलीं आहेत. सुरतेचा किल्ला इ. स. १७५९ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेला; त्यापूर्वींच्या सुरतेचें हें वर्णन इंग्रज, डच व फ्रेंच यांच्या स्पर्धेबाहेरील माणसाच्या लेखणीचें आहे. आपल्या संशोधकांनीं तें मराठी व फारसी कागदपत्रांशीं ताडून पाहावें. तोरेन इ. स. १७५३ मध्यें, पुस्तक निघण्यापूर्वींच, वारला. त्याच्या नांवाची ‘तोरेनिया’ व ओस्बेकच्या नांवाची ‘ओस्बेकिया’ या दोहोंच्या जाति पावसाळ्यांत सह्याद्रींतहि फुलतात.

ओस्बेक पुन्हां पूर्वेकडे आला नाहीं. इ. स. १७५८ मध्यें स्वीडनच्या राजकीय विज्ञानसंस्थेनें त्यास सभासद करून घेतलें, व इ. स. १७६० मध्यें दक्षिणेकडील हालांड प्रांतांतील हासलोव्ह या खेड्याचें धर्मोपदेशकपद त्यास मिळालें. तेथें त्यानें ४५ वर्षें काढलीं, त्या परगण्यांतील पिकें, पशुपक्षी व वनस्पति यांचें वर्णन लिहिलें, आणि इ. स. १८०५ मध्यें तेथेंच देह ठेविला.