सीट पायडलसाठी, हँडल हातांसाठी : सायकलच्या फ्रेमचं माप समजून घेताना

आज आपण सायकलच्या फ्रेमबद्दल बोलणार आहोत, पण खरा विषय आपल्या अंगाचा आहे. हौसेनं घेतलेली सायकल बऱ्याचदा तीन-चार महिन्यांत जिन्याखाली जाते. कारणं ठरलेली असतात. तळहात बधिर होतात, मान आखडते, कंबर धरते. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो, ‘आपलं वय झालं’, ‘आपल्याला सवय नाही’. पुष्कळदा दोष वयाचा नसतो, मापाचा असतो. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर मनगटाशी अल्नार नावाच्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. ते सवयीनं जात नाही, दाब कमी करावा लागतो.

सायकलवर आपण तीनच ठिकाणी टेकतो : पायडल, सीट आणि हँडल. या तीन बिंदूंमधली अंतरं ठरवणं हे फ्रेमचं मुख्य काम. यातला पायडलचा बिंदू पक्का. क्रँक ज्या आसावर फिरतो तो आस हलवता येत नाही, म्हणून सगळी मापं तिथून घ्यायची.

पहिलं माप सीटच्या उंचीचं. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या आकड्याला ०.८८३ नं गुणायचं. ही रीत अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावानं ओळखली जाते. माप ७८ सेंटिमीटर आलं, तर क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ६८.९ सेंटिमीटर. हा सुरुवातीचा आकडा समजा. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे, २५ ते ३५ अंशांचा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, असा आग्रह आपल्याकडे फार असतो. तसं केलं की सीट खूप खाली येते आणि गुडघे बोलायला लागतात.

दुसरं माप सीट किती मागे हे. इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. हात दुखले की आपण काय करतो? हँडल लांब वाटतं, म्हणून सीट पुढे सरकवतो. आता एक प्रयोग करू. पाठ आणि टाचा भिंतीला टेकवा आणि पायाचे अंगठे धरायला वाका. तोल पुढे जातो, म्हणून समोर पाऊल टाकायला जागा ठेवा. आता भिंतीपासून दोन पावलं पुढे येऊन तसंच वाका. जमतं. कारण धड पुढे गेलं की बूड आपोआप मागे सरकतं आणि तोल पावलांवर राहतो. सायकलवर हेच होतं. सीट पुढे घेतली म्हणजे ती भिंत पुढे आणली. पुढे पडणारं धड मग हातांनी तोलून धरावं लागतं. म्हणजे हात दुखतात म्हणून केलेला उपाय हातांवरचा भार वाढवतो.

सीट किती मागे बसणार हे सीटखालच्या नळीच्या कलावर ठरतं. रेसिंग सायकलीत ही नळी जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास असते, आपल्या जुन्या काळ्या सायकलीत ७० अंशांच्याही खाली. क्रँकपासून सीट ७० सेंटिमीटरवर असेल, तर एका अंशानं ती जवळजवळ १.२ सेंटिमीटर मागे जाते. काळ्या सायकलीत सीट बरीच मागे आणि हँडल उंच, त्यामुळे जवळजवळ सगळा भार बुडावर. म्हणून तिची सीट रुंद आणि खाली स्प्रिंगा. वारा जास्त लागतो, वेग कमी मिळतो, पण हात मोकळे राहतात. जसं बसणं तशी सीट, हा हिशोब त्यात पक्का होता.

तिसरा बिंदू हँडल. इथे फ्रेमचे दोन आकडे बघायचे. क्रँकच्या आसापासून एक सरळ उभी रेघ मनात काढा. हँडल ज्या नळीत बसतं तिच्या वरच्या टोकापर्यंतची उंची म्हणजे ‘स्टॅक’, आणि त्या रेघेपासून त्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे ‘रीच’. स्टॅक जास्त तर बसणं ताठ, रीच जास्त तर पुढे लांब झुकणं. दोन सायकलींचा रीच ताडताना स्टॅकही बघा. पुढची नळी मागे कललेली असते, त्यामुळे हँडल ३ सेंटिमीटर वर घेतलं की ते साधारण १ सेंटिमीटर जवळही येतं.

मग ‘किती इंची’ या प्रश्नाचं काय? तो आकडा सीटखालच्या नळीच्या लांबीचा. मधली दांडी आडवी होती तोवर त्यावरून बाकीचा अंदाज यायचा. १९९० च्या दशकात माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी उतरत्या दांडीची टीसीआर ही रेसिंग सायकल केली. आज दांडी उतरती असणं सर्रास झालंय, आणि इंचांवरून हँडल किती लांब येईल हे कळत नाही.

याचा फटका बुटक्या माणसांना, म्हणजे आपल्याकडे कितीतरी बायकांना, जास्त बसतो. लहान मापाच्या फ्रेममध्ये सीटची नळी ७३ ऐवजी ७५ अंशांवर उभी केली की दांडीची लांबी कागदावर साधारण २ सेंटिमीटर कमी होते. रीच मात्र तेवढाच राहतो. बाई सीट तोलासाठी योग्य जागी मागे नेतात आणि हँडल पुन्हा तेवढंच लांब! वर ‘होईल सवय’ हे ऐकावं लागतं. म्हणून दांडीच्या लांबीवर जाऊ नका, रीच विचारा. दुकानात सांगता आला नाही, तर ओळंबा आणि टेप घेऊन सायकल सरळ उभी करून मोजता येतो.

घरी सायकल असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी सीटची उंची. मग सीट मागे-पुढे. मध्यम वेगानं पायडल मारताना हात हँडलवरून क्षणभर उचलल्यासारखे हलके करा (मोकळ्या मैदानात, रस्त्यावर नको). धड धपकन पुढे पडलं तर सीट अर्धा सेंटिमीटर मागे घ्या आणि उंची पुन्हा तपासा, कारण मागे गेल्यावर पाय किंचित लांब पडतो. हँडलला शेवटी हात लावायचा. ते लांब वाटत असेल तर आखूड स्टेम लावा, खाली वाटत असेल तर वर घ्या. स्टेम बदलून दोन-तीन सेंटिमीटरचा फरक भरून निघतो. त्याहून जास्त लागत असेल, तर ती फ्रेम तुमच्या मापाची नाही. नवी सायकल घेताना हा हिशोब पैसे देण्याआधी करा.