सायकलयात्रेचा भार गावांच्या खांद्यावर

कोल्हापूर : जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगराच्या वाटेवर अन्नछत्रे चालतात, जेवणाऱ्याचे नाव-गाव कोणी विचारत नाही. समाजकार्यासाठी निघणारी दूर पल्ल्याची सायकलयात्रा अशाच पाहुणचारावर तग धरते. पाहणाऱ्याला मात्र फक्त सायकलस्वार दिसतात.

बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानाचा हिशेब मांडून पाहावा. डिसेंबर १९८५ मध्ये ११६ युवक-युवती कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. अंतर ५,०४२ किलोमीटर. दिवसाला ५० किलोमीटर धरले, तरी शंभर मुक्काम होतात आणि दोन वेळची मिळून रोज २३२ ताटे लागतात. एवढा शिधा सायकलच्या कॅरिअरवर मावणारा नव्हे. तो वाटेवरच्या गावांतच शिजावा लागतो. निजायला शाळेची खोली, अंघोळीला पाणी, पंक्चर काढणारा कारागीर, हेही गावानेच पुरवायचे.

निधी गोळा करणे हा या यात्रेचा हेतू नव्हता. इंदिरा गांधी यांच्या हत्येला जेमतेम चौदा महिने झाले होते, पंजाब धुमसत होता. मोटारीने आलेला पुढारी सभा आटोपून निघून जातो. सायकलस्वाराला रात्री कुणाच्या तरी ओसरीवर टेकावेच लागते, आणि परक्या भाषेच्या पंगतीत बसले की बोलणे टळत नाही. मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. सत्तरी गाठलेले बाबा वाहनात आडवे पडूनच या मुलांसोबत गेले. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली : इटानगर ते ओखा, ७,५४६ किलोमीटर.