फुटलेला तंबोरा

दिवाळीच्या साफसफाईत श्रीपूरच्या घरी आत्याचा तंबोरा भिंतीवरून सरकला आणि फरशीवर आपटला. मडकं फुटावं तसा आवाज झाला. भोपळ्याला पंजा मावेल एवढं भगदाड पडलं होतं. आत्याने आधी खुंट्या उलट्या फिरवून चारही तारा सैल केल्या. मग केरसुणीला हात लावू न देता कपची न् कपची वेचून धोतराच्या फडक्यात बांधली. मी फेव्हिकॉल आणायला निघाले, तर म्हणाली, "त्याला हात लावू नकोस. मिरजेला न्यायचाय."

पियानोच्या पोटात ओतीव लोखंडाची चौकट असते. तंबोऱ्याचं पोट मात्र वेलीवर वाढलेलं असतं. हे कडू भोपळे आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात. फळ एका कुशीवर पडून राहिलं तर ती बाजू चपटी होते, म्हणून शेतकऱ्याला वाढत्या फळाकडेही लक्ष ठेवावं लागतं. वाळलेले भोपळे मिरजेला जातात. तिथे एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ही वाद्यं घडवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मिरजेच्या दुकानात कारागिरांनी फडकं सोडलं, कपच्या बोटांनी पसरल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहिल्या. "सगळ्या आणल्यात, बरं केलंत," एवढंच म्हणाले. एका डब्यात पाणी, त्यात दुसरा डबा आणि त्यात सरस वितळत ठेवलेला. त्याचा उग्र वास दुकानभर होता. सरस ऊब आणि ओल लागली की पुन्हा सुटतो, म्हणूनच पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. फेव्हिकॉल का नको, ते मला तेव्हा उमगलं.

तापवलेली पातळ सुरी सांध्यात सरकवून त्यांनी तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, अलगद उचलली. भोपळ्याच्या फाकलेल्या कडांवर ओलं फडकं ठेवलं. कडक कवच थोडं लवचीक झालं, तशी एकेक कपची जागेवर बसू लागली. आतून सरसात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, बाहेरून सुतळी आवळली. जिथे कपचीचा पार चुरा झाला होता तिथे बारीक भुसा आणि सरस भरला. वाळायला किती दिवस, असं विचारलं तर त्यांनी बाहेरच्या ढगांकडे बोट दाखवलं.

तंबोरा आणायला गेलो तेव्हा रंग, पॉलिश सगळं झालं होतं. तरी सांधा बोटाला किंचित लागत होता. त्यांनी घोडीवर घासकाम करून जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणक, काढली, तारेखाली सूत सरकवलं आणि तंबोरा आत्यासमोर धरला. तिने खर्जाची तार छेडली, भोपळ्याला कान लावला आणि तार विरेपर्यंत तशीच बसून राहिली.