फेस मळाचा नव्हे, दगडाचा

ठाण्याच्या वर्तकनगरात किंवा पलीकडे वागळे इस्टेटीत, वर्षानुवर्षे शटर खाली असलेला गाळा नव्याने भाड्याने घेणाऱ्या इसमास पहिल्याच दिवशी जो सल्ला मिळतो, तो दलालाकडून मिळो, रंगाऱ्याकडून मिळो वा शेजारच्या दुकानदाराकडून, त्याचे शब्द बहुधा ठरलेलेच असतात : ‘बाटलीभर ॲसिड मारा, लादी नव्यासारखी होईल.’ हा सल्ला इतक्या निःशंकपणे दिला जातो, आणि ‘बघा, कसा फेस आला, मळ बाहेर पडतोय’ हा त्याचा पुरावा इतक्या विजयी मुद्रेने दाखविला जातो, की प्रतिवाद करणारा इसमच अडाणी ठरतो. तरीही प्रतिवाद करणे प्राप्त आहे, कारण तो फेस मळाचा नसून दगडाचा असतो.

ठाण्याची भूमी काळ्या बेसाल्टची. परंतु येथील जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर जो दगड अंथरलेला आढळतो, तो बहुधा परमुलखातून आलेला. शहाबादी फरशी पूर्वीच्या निजामाच्या अमलातील, आताच्या कर्नाटकातील, कोटा राजस्थानचा, कडप्पा आंध्रचा. तिन्ही जातीने चुनखडक. संगमरवर हे चुनखडकाचेच रूपांतर, आणि मोझॅकची लादी म्हणजे सिमेंटात बसविलेल्या संगमरवरी चिपा. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे त्या बाटलीतले ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यावर पडताच कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, आणि ज्याला आपण मळ समजून टाळ्या पिटतो ते याच वायूचे बुडबुडे असतात. हिशेबच हवा असेल, तर ३० टक्के तीव्रतेचे एक लिटर आम्ल पूर्णपणे खर्ची पडल्यास साडेचारशे ग्रॅमहून अधिक चुनखडक विरघळवून टाकते. दगडाची वरची कातडी निघाली की तिच्यावरचा मळही निघतो आणि लादी चार दिवस उजळ दिसते. मात्र खरखरीत झालेल्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत पुढचा मळ अधिक खोल व अधिक लवकर जाऊन बसतो, आणि मग गाळेधारक पुन्हा ॲसिडच आणावयास धावतो.

यावर कोणी विचारील की, मग पॉलिशवाला ॲसिड का वापरतो? तो वापरतो ते ऑक्झॅलिक आम्ल, तेही घासकामाच्या शेवटच्या टप्प्यास, यंत्राखाली. दगडातील कॅल्शियमशी त्याचे जे संयुग होते ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हायड्रोक्लोरिकपासून होणारे कॅल्शियम क्लोराइड मात्र मोरीवाटे वाहून जाते. दोन्ही बाटल्यांना एकच न्याय लावणाऱ्यांशी वाद घालून मी आता कंटाळलो आहे.

नव्या टॉवरांखालील गाळ्यांत व्हिट्रिफाइड टाइल असते. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने तिचे सहसा काही बिघडत नाही, हे खरे. पण तिच्या सांध्यांतील सिमेंट झिजते आणि आम्लाच्या वाफेने शटर व लोखंडी रॅक गंजू लागतात. गंजाचे डाग काढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते टाइलच काय, ग्रॅनाइटही खाते, आणि कातडीतून शरीरात भिनून जिवावर बेतू शकते.

मुळात दुर्लक्षित लादीवर साचते काय? तेलकटपणा, पावलांची धूळ, जुन्या पॉलिशचे व फिनाइलचे थर. चिकट मळास आम्ल नव्हे, अल्कली लागते. साधा धुण्याचा सोडा पाण्यात विरघळविला तरी त्या द्रावणाचा पीएच अकराच्या आसपास जातो. बाजारातील अल्कलीयुक्त फ्लोअर क्लीनर त्याच तत्त्वावर चालतात. द्रावण पसरून, ते सुकू न देता, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे. मग यंत्राने वा ताठ ब्रशने घासावे, आणि सुटलेले काळे पाणी तत्काळ उचलून घेऊन स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. हे पाणी जागीच सुकू देणे हा या कामातील सर्वांत मामुली आणि सर्वांत महाग पडणारा आळस होय. थर जुना असल्यास हाच क्रम दुसऱ्यांदा करावा. दैनंदिन पुसण्यास उदासीन, म्हणजे सातच्या आसपास पीएच असलेले द्रव्य पुरे. दगडाची जात ठाऊक नसेल, तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून काही मिनिटांनी पुसावा. जागा निस्तेज झाली, तर तो चुन्याचा दगड समजावा.

किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावतो. फिनाइलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. ते जंतुनाशक आहे, मळ काढणे हे त्याचे काम नाही. दुप्पट द्रव्य घातल्याने दुप्पट सफाई होत नाही. उरलेला चिकट थर धूळ धरून ठेवतो. व्हिनेगर ‘नैसर्गिक’ असले तरी आम्लच आहे, आणि संगमरवरावर तेही डाग पाडते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केल्यास क्लोरिन सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्र येथील रणभूमीवर सोडण्यात आला होता, आणि बंद गाळ्यात त्याचा प्रयोग करण्याचे काहीच कारण नाही.

ज्यांना एवढे वाचूनही ॲसिडच हवे असेल, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ मधील आदेशाची खातरजमा करून घ्यावी : विक्रेत्याने ग्राहकाची नोंदवहीत नोंद ठेवावी, छायाचित्रासह ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस ॲसिड विकू नये, असे त्यात फर्माविले आहे. आणि जेथे ॲसिड अगोदरच पडून चुकले आहे, तेथे कोणतेही द्रव्य गेलेली चकाकी परत आणीत नाही. यंत्र आणवून दगड पुन्हा घासून घ्यावा लागतो, आणि त्याचे बिल चौरस फुटाने होते.