इंजिनात पाणी का फवारतात?

पेट्रोलच्या इंजिनात मुद्दाम पाणी फवारतात आणि त्यामुळे गाडी जास्त जोरात पळते, असं सांगितलं की समोरचा एक तर हसतो, नाही तर 'म्हणजे पाण्यावर गाडी चालते!' म्हणून खूश होतो. १९९६ साली तमिळनाडूतल्या 'हर्बल पेट्रोल'नं, म्हणजे पाण्यात झाडपाला घालून पेट्रोल बनवण्याच्या दाव्यानं, देशभर गोंधळ घातला होता. तेव्हापासून पाणी आणि पेट्रोल ही नावं एका वाक्यात आली की शहाणी माणसं आधी खिसा सांभाळतात, आणि ते बरोबरच आहे. पण पाणी आणि मिथेनॉलची फवारणी हे खरं, जुनं आणि लढाऊ विमानांत कसाला लागलेलं तंत्र आहे. गंमत अशी, की ते वापरणाऱ्या हौशी मंडळींच्या डोक्यातही त्याबद्दल भलत्याच कल्पना असतात.

मुळात अडचण काय आहे ते आधी पाहू. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून, बहुधा पट्ट्यानं फिरणारा हवेचा पंप. टर्बोही तेच काम करतो, फक्त तो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंच्या जोरावर फिरतो. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जाळता येतं. पण हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर अगदी आदर्श पंपातूनही ती ९५ अंशांच्या आसपास होऊन बाहेर पडेल. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हिशेब १३० अंशांच्या पुढे जातो. इतकी तापलेली हवा विरळ होते, म्हणजे मेहनतीनं मिळवलेल्या बूस्टचा, अर्थात वाढीव दाबाचा, काही भाग तिथेच वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे नॉकिंग. प्लगच्या ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं आपोआप भडकतं. बाहेरून ती नुसती टकटक ऐकू येते, पण ती चालू राहिली तर आत पिस्टनचे तुकडे पडू शकतात.

'पाणी जळतं आणि ताकद देतं'

जळत नाही. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की वाफेच्या रूपानं साधारण एक लिटर पाणी तयार होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. ते पुन्हा फोडून हायड्रोजन मिळवायचा, तर निदान तेवढीच ऊर्जा खर्च करावी लागते. त्यात फायदा शोधणाऱ्याला शाळेतलं भौतिकशास्त्र पुन्हा वाचायला द्यावं.

पाण्याचं काम उष्णता शोषण्याचं आहे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला जेमतेम ११००, पेट्रोलला ३५०च्या आसपास. हा अप्रकट उष्मा आजूबाजूच्या हवेतून खेचला जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीतला कूलर जे करतो, तेच इथे इंजिनाच्या तोंडाशी होतं. हवा थंड होते, सिलिंडरमधलं ज्वलन थोडं निवतं आणि नॉकिंगची वेळ पुढे ढकलली जाते.

ताकद मिळते ती यानंतर. नॉकिंगचं भय कमी झालं, म्हणून ठिणगी थोडी आधी पाडता येते आणि बूस्ट वाढवता येतो. म्हणजे नफा टायमिंग आणि बूस्टमधून येतो. ट्यूनिंगला हात न लावता फवारणीचं नुसतं किट बसवलं, तर बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. मिश्रणात मिथेनॉल जास्त असेल, तर इंधन वाढल्यामुळे गाडी 'रिच' चालून उलट सुस्तही होऊ शकते. अपवाद एकच. उकाड्यात नॉक सेन्सरनं टायमिंग मागे ओढलेलं असेल, तर ते मूळ जागी येतं आणि मालकाला गाडीत जीव आल्यासारखा वाटतो. तो जीव गाडीचा स्वतःचाच असतो, परत मिळालेला.

हे सगळं सर्वांत स्पष्ट दिसतं ते दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांत. मेसरश्मिट १०९च्या डाइमलर-बेंझ इंजिनाला सुपरचार्जर होताच. त्यात 'एमडब्ल्यू ५०' नावाचं मिश्रण फवारत: निम्मं मिथेनॉल, जवळजवळ निम्मं पाणी आणि गंज धरू नये म्हणून किंचित तेल. उड्डाणाच्या वेळची ताकद १४७५ अश्वशक्तीवरून १८००वर गेली. मात्र सलग सुमारे १० मिनिटांपेक्षा जास्त ते वापरायचं नाही, असा दंडक होता. आणि विमान साधारण सहा किलोमीटरच्या वर गेलं की या मिश्रणाचा फारसा उपयोग उरत नसे. त्या उंचीवर सुपरचार्जरच आणखी बूस्ट देऊ शकत नव्हता, मग नॉकिंग थोपवून काय मिळणार? पाणी स्वतः ताकद देत असतं, तर उंचीनं काही फरक पडायला नको होता.

'पाणी गेलं की इंजिन फुटणार'

ही भीती २६ जुलै २००५च्या पुरात बंद पडलेल्या गाड्या पाहिलेल्या मुंबईकराला असणं साहजिक आहे. साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या नळीतून पाणी थेट सिलिंडरमध्ये गेलं, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण फवारणीत पाणी किती असतं, याचा हिशेब करून पाहा. पूर्ण जोरात चालणारं ३०० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल पितं. त्याच्या १५ ते २० टक्के फवारा धरला, तर प्रत्येक ज्वलनामागे सुमारे २० मिलिग्रॅम येतं. नळाच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी, तेही धुक्यासारखं. रॉड वाकायला सिलिंडरमध्ये निदान ५० मिलिलिटर पाणी साचावं लागेल.

खरा धोका गाडी उभी असताना असतो. इंजिन आयडलिंगवर चालताना इनटेकमध्ये निर्वात पोकळी तयार होते. नळीत झडप नसेल, तर ती टाकीतलं पाणी हळूहळू आत ओढत राहतो. म्हणून नोझलजवळ सोलेनॉइड किंवा एकदिशी झडप असणं अत्यावश्यक. किट विकत घेताना इथे पैसे वाचवू नयेत.

'घाटात गाडी तापते, हे बसवलं की थांबेल'

थांबणार नाही. कसारा घाटात रेडिएटरचा काटा वर चढतो तो कूलंट, पंखा, थर्मोस्टॅट किंवा पाण्याच्या पंपामुळे. फवारा बूस्ट असतानाच चालतो आणि तो इंजिनात जाणारी हवा थंड करतो, कूलंट नाही. तापणारी गाडी गॅरेजमध्ये न्या.

'शुद्ध मिथेनॉल असेल तर आणखी चांगलं'

वरचे आकडे पाहिले तर थंड करण्याच्या कामात किलोमागे पाणी मिथेनॉलच्या दुप्पट भारी आहे. मिथेनॉलचे गुण वेगळे आहेत. ते कमी तापमानाला लवकर उडतं, त्यामुळे इनटेकमध्येच हवा थंड करतं. पाण्याचे बरेचसे थेंब सिलिंडरपर्यंत तसेच जातात आणि तिथे कामाला येतात. मिथेनॉलचा ऑक्टेनही पेट्रोलपेक्षा बराच जास्त, आणि थंड देशांत ते पाणी गोठू देत नाही. म्हणून निम्मं-निम्मं हा जुना तोडगा टिकून आहे. शुद्ध मिथेनॉल भरलं की गाडीच्या मागच्या डिकीत दुसरी इंधनाची टाकीच बसवल्यासारखं होतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ॲल्युमिनियम आणि काही प्रकारचं रबरही ते खातं.

पाण्याबद्दल एकच सूचना: बोअरचं नको. क्षारांनी बारीक नोझल बुजतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. काच धुण्याचं साबणाचं पाणी अजिबात नाही.

इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर, काढून टाकता येतो का, असंही विचारतात. जिथे सुपरचार्जर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसतो आणि इंटरकूलरला जागाच नसते, तिथे फवारा त्याचं बरंचसं काम निभावतो. पण असलेला इंटरकूलर काढण्यात शहाणपण नाही. इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला फवारा बसवावा. आधी फवारलं तर हवा तिथेच थंड होते आणि इंटरकूलरला काढून टाकायला उष्णता उरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि जाहिरातीत सर्वांत कमी दिसणारं: टाकी रिकामी झाली तर? १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीनं 'जेटफायर' ही टर्बोची गाडी आणली. ३.५ लिटरचं व्ही-८, त्या काळी धाडसी म्हणावं असं १०.२५ला १ हे कॉम्प्रेशन, २१५ अश्वशक्ती. नॉकिंग रोखायला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' या नावानं पाणी-मिथेनॉलच फवारलं जाई. कंपनीनं काळजी घेतली होती, फ्लुइड संपलं की बूस्ट आपोआप कमी होई. पण बरेच मालक फ्लुइड भरतच नव्हते आणि मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करत. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. २०१५ साली बीएमडब्ल्यूनं 'एम४ जीटीएस'मध्ये डिकीत पाच लिटरची टाकी देऊन नुसतं पाणी फवारलं आणि ४३१ची ताकद ५००वर नेली. तिथेही पाणी संपलं की संगणक बूस्ट आणि टायमिंग मागे घेतो. गल्लीतल्या ट्यूनरनं बसवलेल्या किटमध्ये हा आवर नसेल, तर पंप बंद पडल्यावर काही सेकंदांत पिस्टन जाऊ शकतो. दाब किंवा प्रवाह मोजणारा सेन्सर आणि त्याला जोडलेली बूस्ट कमी करणारी सोय नसेल, तर हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिथेनॉल हे विष आहे, हेही विसरू नका. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त जीव घेतले, त्या दारूत हेच होतं. त्वचेतूनही ते शरीरात जातं, म्हणून हातमोजे घाला, वाफ हुंगू नका आणि पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत आणि विमा कंपनीही विचारेल. तुमच्या गाडीला सुपरचार्जर नसेल, टर्बो नसेल आणि तिचं ट्यूनिंग मूळचंच असेल, तर हे किट घेऊ नका. त्या पैशात चांगले टायर घ्या.