वाढत्या मेंदूला चढती साखरही बाधते

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना आणि आईवडिलांना वर्षानुवर्षे एकच मोठी धास्ती होती: रात्री झोपेत साखर उतरली तर? ही धास्ती खरी आहे. शरीर विश्रांतीत असताना होणाऱ्या ऊर्जेच्या खर्चापैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाटा पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदूच उचलतो, आणि तो प्रामुख्याने ग्लुकोजवर चालतो. ग्लुकोज फार घटले तर झटके येतात, शुद्ध हरपते. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशन पूर्वी सहा वर्षांखालील मुलांसाठी एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, ८.५ टक्क्यांपर्यंत चालवून घेत असे. साखर थोडी चढी राहिली तरी उतरण्यापेक्षा बरी, असा तो हिशेब होता. माझ्या मते तो एकांगी होता. २०१४ मध्ये असोसिएशनने सर्वच मुलांसाठी मर्यादा ७.५ टक्क्यांखाली आणली, ते योग्यच झाले.

अमेरिकेतील पाच केंद्रांनी ४ ते १० वर्षांच्या मुलांचा मेंदू वारंवार एमआरआय करून पाहिला: १४४ मुले टाइप १ मधुमेहाची, ७२ मधुमेह नसलेली. मधुमेही मुलांच्या मेंदूचा करडा भाग सावकाश वाढत होता आणि साखर जितकी जास्त काळ चढी, तितका हा फरक ठळक होता. पुढे बुद्ध्यंकातही सरासरी ३ ते ४ गुणांचे अंतर दिसले. एवढ्याने काय बिघडते, ही मुले शाळेत नीटच शिकतात की, असे कोणी म्हणेल. शिकतात, हे खरेच. पण २०१९ मधल्या एका अभ्यासात मधुमेही मुलांनी लक्ष एकाग्र करण्याचे काम इतरांइतकेच चांगले केले, तरी त्यासाठी त्यांच्या मेंदूला जास्त राबावे लागत होते. प्रगतिपुस्तकात हे कष्ट दिसत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की साखर आणि मेंदूचा फरक सोबत दिसला म्हणून एकामुळे दुसरे घडले, असे ठरत नाही. मात्र त्याला उत्तर देणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४४ किशोरांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. काहींना सेन्सर पाहून इन्सुलिनचा डोस आपोआप बदलणारा पंप मिळाला, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. सहा महिन्यांनी पंपवाल्यांच्या मेंदूची काही मापे निरोगी मुलांच्या जवळ सरकली. प्रयोग छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे, आणि किशोरवयातही सुधारणेला वाव उरतो ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: साखर आवळली की ती उतरण्याचा धोका वाढतो. १९८३ ते १९९३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत काटेकोर उपचारांच्या गटात असे गंभीर प्रसंग तिपटीने घडले होते. मात्र त्या रुग्णांना सुमारे १८ वर्षांनी तपासले तेव्हा या प्रसंगांचा बुद्धीवर टिकून राहिलेला परिणाम आढळला नाही. उलट चढ्या एचबीएवनसीचा संबंध हातांचा वेग मंदावण्याशी दिसला. ते रुग्ण १३ वर्षांपुढचे होते, त्यामुळे चिमुरड्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यांच्या बाबतीत सावधगिरी हवीच, पण ती साखर चढी ठेवून नव्हे, तर ती वारंवार तपासून. आपल्याकडे पंप बहुतेक घरांना परवडत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पुरेशा मिळणे, जेवणाआधी इन्सुलिन वेळेवर टोचणे आणि शाळेत साखर तपासायला मुलाला मोकळीक असणे, या गोष्टींना मात्र पंप लागत नाही.